टेक्सासमधली पक्ष्यांची शिकार: हंगाम, परवाना आणि दिवसाची मर्यादा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑगस्ट संपत आला की डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन विषय एकदम निघतात. एक गणपतीच्या आरतीचा. दुसरा असा: "ऑफिसातले लोक डव्ह हंटिंगला चल म्हणताहेत, जाऊ का?" दुसऱ्या प्रश्नाला तिथे मिळणारी उत्तरं बहुधा ऐकीव असतात, आणि त्यातली काही महागात पडतील अशी असतात. म्हणून हे पान. शिकार करावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्यावर इथे वाद घातलेला नाही. शुल्क, तारखा आणि मर्यादा दरवर्षी थोड्या हलतात. निघण्यापूर्वी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं त्या वर्षाचं 'आउटडोअर ॲन्युअल' (नियमांचं पुस्तक) उघडून बघा. ते फुकट आहे आणि फोनवरही मिळतं.

हे नियम नेमके करतं कोण? वॉशिंग्टन की ऑस्टिन?

दोघंही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्थलांतर करणारे पक्षी, म्हणजे डव्ह (आपले होले), बदकं, हंस, क्रेन, स्नाइप, हे कुठल्या एका राज्याचे नाहीत. उन्हाळा कॅनडात काढतात, हिवाळा मेक्सिकोत. त्यांच्यासाठी १९१६ साली अमेरिका आणि ब्रिटन (कॅनडाच्या वतीने) यांच्यात तह झाला आणि तो अमलात आणायला १९१८ चा स्थलांतरित पक्षी कायदा आला. तहानुसार या पक्ष्यांची शिकार १ सप्टेंबर ते १० मार्च या काळातच करता येते आणि कुठलाही हंगाम १०७ दिवसांपेक्षा लांबवता येत नाही. या चौकटीत राहून केंद्राचं फिश अँड वाइल्डलाइफ खातं दरवर्षी जास्तीत जास्त दिवस आणि पक्षी ठरवतं. त्यातून आपल्या तारखा राज्य निवडतं. राज्याला नियम आणखी कडक करता येतो, सैल करता येत नाही.

लावे, फेझंट, टर्की हे जागचे पक्षी. त्यांच्यावर पूर्ण अधिकार राज्याचा, म्हणून टेक्सास आणि कॅन्ससचे फेझंटचे नियम वेगळे असतात आणि ते दोन्ही बरोबर असतात. तिसरा अधिकार जमीनमालकाचा, त्याच्याबद्दल पुढे.

एवढा कडकपणा उगाच आलेला नाही. पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर एकेकाळी अमेरिकेत कोट्यवधींच्या संख्येने होतं. त्यातली शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १९१४ साली मेली. तारीख होती १ सप्टेंबर, म्हणजे आज टेक्सासात ज्या दिवशी डव्हचा हंगाम उघडतो तीच. हा निव्वळ योगायोग आहे, पण डव्हच्या बांधावर बसलेल्या फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

मी एच-१बी वर आहे. बंदूक हातात धरता येते का?

आपल्या लोकांसाठी या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ हे सगळे त्यात आले. 'बाळगणे' म्हणजे विकत घेणे एवढंच नव्हे. मित्राने "धर जरा" म्हणून हातात दिलेली बंदूकही त्यात येते.

या बंदीला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा असा: ज्याच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू, वैध शिकार परवाना आहे त्याला ही बंदी लागू नाही. म्हणजे शिकार परवाना हा तुमच्यासाठी शिकारीचा कागद आहेच, शिवाय बंदुकीला हात लावण्याचा आधारही तोच. दुकानात बंदूक घेताना जो केंद्रीय फॉर्म भरावा लागतो, त्यात नॉन-इमिग्रंट आहात का आणि असाल तर कुठल्या अपवादात बसता हे विचारतात, आणि परवान्याचा पुरावा मागतात.

आता यातली खोच. टेक्सासचा परवाना वर्षभराचा असतो, पण ते वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं. तुम्ही मागच्या वर्षी परवाना घेतलात, बंदूक घेतलीत, ती कपाटात आहे, आणि ३१ ऑगस्टला परवाना संपला. १ सप्टेंबरला सकाळी बंदूक कपाटातच आहे, पण तिला हात लावण्याचा आधार गेलेला आहे. "हंगामाच्या आदल्या शनिवारी घेऊ" हा विचार म्हणून सोडा. नव्या वर्षाचे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळू लागतात, तेव्हाच घेऊन टाका.

ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. पण ज्याचं स्टेटस तुटलेलं आहे, म्हणजे देशात राहणंच वैध नाही, त्याला शिकार परवाना असूनही बंदूक चालत नाही. नोकरी गेल्यावरच्या ग्रेस पिरियडमध्ये असाल, ट्रान्सफर अडकली असेल, तर शिकार बाजूला ठेवा आणि आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. त्याच्या सल्ल्याचे पैसे कितीही वाटले तरी या प्रकरणाच्या खर्चापुढे ते कमीच.

परवाने कोणकोणते लागतात आणि किती पैसे?

टेक्सासच्या रहिवाशाला साधा शिकार परवाना २५ डॉलरला. त्यावर डव्ह, बदकं असे स्थलांतरित पक्षी मारायचे तर मायग्रेटरी गेम बर्ड एंडोर्समेंट (परवान्यावर घ्यायची जोड-मंजुरी), ७ डॉलर. लावे, टर्की, फेझंट यांच्यासाठी अपलँड गेम बर्ड एंडोर्समेंट, तेही ७ डॉलर. बदकं आणि हंसांसाठी वरून केंद्राचा डक स्टँप, २५ डॉलर. मासेमारीही करत असाल तर 'सुपर कॉम्बो' ६८ डॉलरला मिळतो. त्यात राज्याचे सगळे एंडोर्समेंट येतात, पण डक स्टँप येत नाही. सुपर कॉम्बो आहे म्हणून निश्चिंतपणे बदकांना गेलेले लोक इथेच अडकतात.

वयाचाही एक बारकावा आहे. राज्याच्या लेखी १७ वर्षांखालचं मूल 'यूथ', त्याचा परवाना ७ डॉलरचा. डक स्टँप मात्र १६ पूर्ण झाल्यापासून लागतो. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा राज्यासाठी लहान आणि केंद्रासाठी मोठा. त्याच्या नावाचा स्टँप वेगळा घ्या.

डक स्टँप हे खरंच टपालाचं तिकीट आहे का?

दिसतं तसंच, पण पत्राला लावून चालत नाही. १९३४ साली एक डॉलरला सुरू झालं. पहिलं चित्र 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं. तिकिटाच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात किंवा राखण्यात जातात. आजवर सुमारे ६० लाख एकर जमीन या पैशातून राखली गेली आहे. आता इलेक्ट्रॉनिक स्टँपही पूर्ण हंगाम चालतो. कागदी तिकीट घेतलंत तर त्यावर शाईने आडवी सही करायला विसरू नका, सही नसलेलं तिकीट गेम वॉर्डनच्या, म्हणजे शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दृष्टीने तिकीटच नव्हे.

माझा भाऊ न्यू जर्सीहून येतोय आणि बाबा भारतातून. त्यांचं काय?

टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेला माणूस रहिवासी धरतात. इथे नागरिकत्वाचा संबंध नाही, त्यामुळे एच-१बीवाला रहिवासी परवाना घेऊ शकतो. भाऊ बाहेरचा. त्याला पूर्ण परवाना ३१५ डॉलरला पडेल, पण एका वीकेंडसाठी एवढे घालवायची गरज नाही. पाच सलग दिवसांचा नॉन-रेसिडेंट स्पेशल परवाना ४८ डॉलरला मिळतो आणि टर्की सोडून बाकी गेम बर्डना तो चालतो. एंडोर्समेंट त्यालाही लागतेच.

बाबा बी-२ वर आले असतील तर त्यांना खुशाल सोबत न्या, सावलीत खुर्ची टाकून बसवा, शिकार परवाना घेतलेला नसेल तर बंदूक मात्र हातात देऊ नका. नुसतं पाहायला परवाना लागत नाही.

हंटर एज्युकेशन सगळ्यांनाच सक्तीचं आहे का?

२ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला. १७ वर्षांपुढच्यांना पूर्ण कोर्स ऑनलाइन करता येतो, आणि त्याचं प्रमाणपत्र बाकीच्या राज्यांतही चालतं. वेळ नसेल तर १० डॉलर भरून आयुष्यात एकदा सवलत मिळते. मग ज्याने कोर्स केला आहे अशा परवानाधारकाच्या सोबतीनेच, त्याच्या हाकेच्या अंतरात राहून शिकार करायची. माझं मत विचाराल तर सवलत घेऊ नका. डव्हच्या हंगामातले बरेचसे अपघात एकाच प्रकारे होतात: खालून उडालेल्या पक्ष्यामागे बंदूक फिरवत नेली आणि पुढे माणूस होता. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडे. कोर्स कराच.

परवाना घेताना "गेल्या वर्षी किती डव्ह मारले" असं का विचारतात?

त्याला एचआयपी (हार्वेस्ट इन्फर्मेशन प्रोग्रॅम) म्हणतात. तुमच्या उत्तरावर कर लागत नाही की संशय येत नाही. कोण कुठल्या प्रकारची शिकार करतो हे कळलं की त्यातून नमुना निवडून केंद्र सरकार सविस्तर मोजणी करतं, आणि तिचा उपयोग पुढच्या वर्षीच्या मर्यादा ठरवताना होतो. काउंटरवरचा मुलगा घाईत सगळीकडे 'शून्य' मारतो. त्याला थांबवा आणि खरं सांगा. परवान्यावर एचआयपीची नोंद छापून आली आहे ना, तेही तिथेच बघा.

डव्हचा हंगाम कधी असतो?

वर्षाला एकूण ९० दिवस, दोन तुकड्यांत. राज्याचे तीन विभाग आहेत. उत्तर आणि मध्य विभाग १ सप्टेंबरला उघडतात. दक्षिण विभागाचा नेहमीचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या मध्यावर, पण त्याआधी तिथे 'स्पेशल व्हाइट-विंग्ड डव्ह डेज' असतात. मधे खंड पडतो, आणि दुसरी तुकडी डिसेंबर-जानेवारीत येते. विभागांच्या सीमा मोठ्या हायवेंवरून आखलेल्या आहेत, त्यामुळे रस्त्याच्या या बाजूला हंगाम चालू आणि त्या बाजूला बंद असं खरोखर होतं.

वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत. सूर्यास्तानंतर अर्धा तास नव्हे, ही चूक फार जण करतात. स्पेशल दिवसांत दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंतच.

मर्यादा १५ ची म्हणजे नक्की कशी मोजायची?

दिवसाला माणशी १५ डव्ह, त्यात व्हाइट-टिप्ड जातीचे दोनपेक्षा जास्त नकोत. स्पेशल दिवसांतही एकूण १५ च, पण त्यात मोर्निंग (mourning) डव्ह या जातीचे दोन आणि व्हाइट-टिप्ड दोन एवढेच. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो पुढच्या तीन बाबतींत.

पहिली बाब, मर्यादा गटाची नसते, माणसाची असते. "आपण चौघे, म्हणजे साठ" हा हिशेब बेकायदा आहे. तुमचे पंधरा झाले आणि मित्राला अजून चारच मिळालेत, तर त्याच्या वाट्याचे तुम्ही मारून देऊ शकत नाही. बंदूक रिकामी करा, केसमध्ये ठेवा आणि त्याचे पडलेले पक्षी शोधायला मदत करा. सगळ्यांचे पक्षी एकाच कूलरमध्ये टाकायची सवयही वाईट. वॉर्डनने "यातले तुझे कुठले?" विचारलं की कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येकाची पिशवी वेगळी, नाव लिहिलेली.

दुसरी बाब, पडलेला पण हाती न आलेला पक्षी. तो शोधायचा मनापासून प्रयत्न करणं कायद्याने बंधनकारक आहे. उंच वाळल्या गवतात करडा पक्षी दिसत नाही, म्हणून पडताना नजर त्या जागेवरून हलवायची नाही आणि पहिला मिळेपर्यंत दुसऱ्यावर बार काढायचा नाही. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांच्याशी मैत्री ठेवा.

तिसरी बाब साठ्याची. जवळ बाळगता येणारे पक्षी हे दिवसाच्या मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे ४५. ही संख्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मिळत नाही. पहिल्या दिवशी १५, दुसऱ्या दिवशी ३०, तिसऱ्या दिवशी ४५, आणि त्यानंतर काही खाल्ल्याशिवाय भर घालता येत नाही.

मित्राला पक्षी द्यायचे असतील तर सोबत चिठ्ठी हवी: मारणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, पक्षी कुठला, किती, कुठल्या तारखेला मारला. चिठ्ठीशिवाय तुमच्या गाडीत सापडलेले सगळे पक्षी तुमचेच धरले जातील.

मग पठाणी होल्याला मर्यादा नाही हे खरं का?

खरं आहे. आपल्याकडे विजेच्या तारांवर बसलेला असतो तोच पठाणी होला, मानेवर काळी पट्टी असलेला, टेक्सासात सर्वत्र पसरला आहे. तो परका पक्षी असल्यामुळे त्याला ना हंगाम, ना मर्यादा. परवाना मात्र लागतो. शहाणपणाचा सल्ला असा की मारलात तर पिसांसकट ठेवा. सोललेल्या छातीवरून तो पठाणी होता की मोर्निंग डव्ह हे कोणालाही सांगता येत नाही, आणि शंका आली तर तो तुमच्या पंधरांत जातो.

कबुतरं आणि चिमण्या?

साधी कबुतरं, घरचिमण्या आणि स्टार्लिंग यांना संरक्षण नाही, ते तिघेही बाहेरून आलेले. पण गावाच्या हद्दीत बंदूक किंवा एअरगन चालवण्यावर शहराचे आपले नियम असतात. बाकी जवळपास प्रत्येक पक्ष्याला, अंगणातल्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांपासून घारीपर्यंत, केंद्राचं संरक्षण आहे. ओळख पटली नाही तर बार काढू नका.

बदकांचं गणित वेगळं कसं?

डव्हमध्ये संख्या मोजतात, बदकांत संख्या, जात आणि कधीकधी नर-मादीही. टेक्सास सेंट्रल फ्लायवेमध्ये येतं. पक्ष्यांच्या स्थलांतराचे असे चार मार्ग देशात आखलेले आहेत. इथे दिवसाला ६ बदकं, त्यात मॅलार्ड पाचपर्यंत आणि माद्या दोनच. वुड डक तीन, रेडहेड दोन, कॅनव्हासबॅक दोन. तलवार बदक, म्हणजे पिनटेल, बरीच वर्षं दिवसाला एकच होतं, २०२५-२६ च्या हंगामापासून तीन झालं. मागच्या वर्षीच्या पाठांतरावर जाऊ नका हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. कूट, आपल्या वारकरी पक्ष्याचा अमेरिकन भाऊबंद, त्याची मर्यादा वेगळी, १५.

मुख्य हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी, त्याआधी सप्टेंबरमध्ये टील बदकांचा छोटा हंगाम. पहाटेच्या अंधुक उजेडात सगळी बदकं काळीच दिसतात. अशा वेळी टील समजून भलतंच बदक पाडलं तर "दिसलं नाही" हे उत्तर चालत नाही. नवख्याने उजेड नीट पडेपर्यंत थांबावं, त्यात कमीपणा नाही.

बदक घरी नेताना एक पंख पिसांसकट किंवा डोकं तसंच ठेवायचं, जात ओळखता यावी म्हणून. घरी पोचल्यावर काढा.

आणि शिशाचे छर्रे चालत नाहीत. १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांसाठी स्टील, बिस्मथ वगैरे विनाविषारी छर्रेच वापरावे लागतात. तळ्याच्या गाळातले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळायची आणि विषबाधेने मरायची. खिशात शिशाचं एक काडतूस राहिलं असेल तरी गुन्हा होतो, म्हणून डव्हचं जॅकेट बदकांना घालून जायचं तर आधी सगळे खिसे उलटे करा.

ज्वारीच्या शेतात बसलो तर ते आमिष धरतात का?

टेक्सासात ज्याला मायलो म्हणतात ती ज्वारीच. कणीस जरा बुटकं, ताट गुडघ्या-कमरेइतकं, पण दाणा ओळखीचा. काढणी झाली की जमिनीवर सांडलेल्या दाण्यांवर डव्ह थव्याने उतरतात. सूर्यफुलाच्या शेतातही तसंच.

नियमाचा गाभा असा: शेतीच्या नेहमीच्या कामातून जमिनीवर राहिलेला दाणा चालतो, बाहेरून आणून टाकलेला चालत नाही. उभं पीक मुद्दाम कापून, आडवं पाडून त्यावर डव्ह मारलेले चालतात. पण त्याच शेतावर बदकं मारलीत तर गुन्हा. बदकांना फक्त नेहमीची पेरणी, काढणी किंवा काढणीनंतरची मशागत एवढीच मोकळीक आहे.

शेतमालकाने पोतंभर दाणे फेकले होते आणि तुम्हाला माहीत नव्हतं, तर? १९९८ च्या सुधारणेनंतर "माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं" अशी कसोटी आहे. म्हणजे बंदूक काढण्याआधी शेतात फेरफटका मारायची जबाबदारी तुमची. दाणे ओळीने पडलेले दिसले, रस्त्याच्या कडेने ढीग दिसले, किंवा ज्वारीच्या शेतात गहू दिसला, तर परत फिरा. आमिष उचलून जागा पूर्ण साफ केल्यावरही पुढचे दहा दिवस ती जागा आमिषाचीच मानतात. मालकाला प्रश्न विचारायला संकोच वाटतो हे मी समजू शकतो, पण विचारा. चांगल्या मालकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

कुठली बंदूक चालते?

शॉटगन, दहा गेजपेक्षा मोठ्या नळीची नको, आणि स्थलांतरित पक्ष्यांसाठी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावणार नाहीत अशी. पंप किंवा सेमी-ऑटोमॅटिक असेल तर आत लाकडी किंवा प्लॅस्टिकचा प्लग घालावा लागतो, आणि तो बंदूक खोलल्याशिवाय निघता कामा नये. दुकानातून नवी बंदूक आणली की प्लग आत आहे की डब्यात, हे पाहून घ्या. रायफल, जाळी, फास, रेकॉर्ड केलेले आवाज, चालत्या गाडीतून बार, हे सगळं बंद.

आपल्या करकोच्यासारख्या सँडहिल क्रेनचीही शिकार होते?

होते, आणि पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना धक्का बसतो. त्यासाठी परवाना आणि एंडोर्समेंटच्या वर एक वेगळा केंद्रीय परमिट लागतो. तो फुकट असतो, पण घ्यावाच लागतो. विभागानुसार मर्यादा दोन किंवा तीन.

इथे धोका चुकीच्या ओळखीचा आहे. व्हूपिंग क्रेन हा पांढरा, काळ्या पंखटोकांचा, याहून उंच पक्षी टेक्सासच्या किनाऱ्यावर अरान्ससला हिवाळा काढतो. १९४१ च्या सुमाराला तिथे येणारे पक्षी विसाच्याही आत उरले होते. आज जे दिसतात ते त्या मूठभर पक्ष्यांची पिल्लावळ. किनाऱ्यालगतचा एक पट्टा क्रेनसाठी पूर्ण बंद ठेवलेला आहे तो याच कारणाने. ढगाळ सकाळी पांढरा आणि करडा यातला फरक कळत नसेल तर क्रेनच्या वाटेला जाऊच नका.

लावे, फेझंट, टर्की, चाचालाका?

हे राज्याचे पक्षी, त्यामुळे थोडक्यात. बॉबव्हाइट लाव्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, दिवसाला १५, साठा ४५. फेझंट फक्त पॅनहँडल, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाच्या, भागातल्या काउंट्यांत, डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण महिनाभर, दिवसाला तीन, तेही नरच. टर्कीला परवान्यावरचा टॅग लावावा लागतो आणि काउंटीगणिक नियम बदलतात. चाचालाका हा कोंबडीसारखा पक्षी दक्षिणेच्या टोकाला चार काउंट्यांत, दिवसाला पाच. लेसर प्रेरी-चिकनचा हंगाम २००९ पासून बंद आहे.

शिकार करायची कुठे? जंगल आहे का?

टेक्सासची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे, त्यामुळे 'जंगलात जाऊ' ही कल्पना इथे चालत नाही. एक तर ओळखीचा शेतमालक हवा, नाहीतर दिवसाच्या भाड्याने शेत घ्यावं लागतं, नाहीतर राज्याचा ४८ डॉलरचा ॲन्युअल पब्लिक हंटिंग परमिट घ्यायचा. या परमिटवर डव्हसाठी राज्याने भाड्याने घेतलेली शेतंही मिळतात. सुरुवातीला मला हाच मार्ग योग्य वाटतो. पैसे कमी जातात आणि जागा नकाशावर आखलेली असते. काही सार्वजनिक जागांवर डव्हलाही शिशाचे छर्रे चालत नाहीत, तेवढं वाचून जा.

कुंपणाजवळ बसलात तर तुमचे छर्रे शेजारच्या जमिनीत पडता कामा नयेत, तो वेगळा गुन्हा आहे. पक्षी पलीकडे पडला तरी विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही. रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या कडेच्या सरकारी पट्ट्यातून बार काढायचा नाही.

गेम वॉर्डन आला तर काय करायचं?

बंदूक उघडा, नळी जमिनीकडे करा, हसून नमस्कार करा. तो परवाना, एंडोर्समेंट, बंदुकीतला प्लग आणि पक्षी बघेल. हे त्याचं रोजचं काम आहे, त्यात तुमच्या रंगारूपाचा संबंध लावून आधीच वाकडं होऊ नका. चूक झाली असेल तर सांगून टाका. राज्याच्या छोट्या उल्लंघनांना २५ ते ५०० डॉलर दंड असतो आणि मेलेल्या पक्ष्याची भरपाई वेगळी. केंद्राच्या कायद्यात सहा महिने कैद आणि १५,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्हिसावर असाल तर नोटीस किरकोळ वाटली तरी वकिलाला दाखवल्याशिवाय "गिल्टी" म्हणून पैसे भरून मोकळे होऊ नका.

मारलेले पक्षी विकता येतात का? भारतात नेता येतात का?

विकता येत नाहीत. स्थलांतरित पक्षी विकण्यासाठी मारणं हा तर मोठा गुन्हा, फेलनी. मंडळाच्या आनंदमेळ्यात 'डव्ह सुकं' म्हणून स्टॉल लावायचा विचार असेल तर तिथेच थांबवा. हॉटेलच्या मेनूवर लावे दिसतात ते पाळलेले असतात.

भारतात मांस, पिसं, पेंढा भरलेला पक्षी यातलं काही पिशवीत टाकून नेऊ नका. तिकडचा कायदा पूर्ण वेगळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला छोट्या आणि मोठ्या शिकारीचे परवाने होते, १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. आता महाराष्ट्रात तितर, लावा, होला, बदक, कशालाही हंगाम नाही आणि मर्यादाही नाही, कारण परवानगीच नाही. अंडी फोडणं किंवा घरट्याला धक्का लावणं हेसुद्धा त्या कायद्यात शिकारीत मोडतं. सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. माळढोक, तणमोर, मोर यांच्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्यांसाठी किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. सुट्टीत गावी गेल्यावर "मी टेक्सासात मारतो की" म्हणून चुलत्याच्या छर्‍याच्या बंदुकीला हात लावू नका.

मला काहीच मारायचं नाही, फक्त पक्षी बघायचेत. यातलं काही माझ्या उपयोगाचं?

डक स्टँप घ्या. २५ डॉलरच्या त्या तिकिटावर देशातल्या ज्या नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजना (केंद्राच्या अभयारण्यांना) प्रवेश फी आहे तिथे वर्षभर फुकट जाता येतं. तिकीट जुलैत नवं निघतं आणि पुढच्या जूनअखेरपर्यंत चालतं. ह्यूस्टनजवळचं ॲनाह्वाक आणि खाली किनाऱ्यावरचं अरान्सस, दोन्ही डिसेंबर-जानेवारीत बघा. रेफ्यूजच्या काही भागांत त्याच दिवसांत बदकांची शिकार चालू असते, त्यामुळे फाटकावरचा नकाशा बघून शिकारीचे दिवस आणि विभाग टाळा.